पाणी राज्याचं, जमीन केंद्राची

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पाण्याबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक कोलोरॅडो नदीच्या वाटपावर. सात राज्यं, 1922 चा करार, हूवर धरण. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. माझा जीव गुंतला आहे तो तिथल्या सरकारी माळरानांवरच्या झऱ्यांत आणि पाणवठ्यांत. नेवाडाची सुमारे 80 टक्के जमीन केंद्र सरकारची, पण पाण्याचा परवाना देणार राज्याचा स्टेट इंजिनिअर. आमचे काही विद्वान याला 'केंद्र विरुद्ध राज्य' असं नाव देऊन मोकळे होतात. ही मांडणी मला कधीच पटली नाही. जे पाणी कोणी उचलायचंच नाही, जे जागच्या जागी राहायला हवं, त्याची बाजू कोणी घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवातीचा इतिहास भराभर सांगतो. सोन्याच्या खाणींवर 'आधी वळवेल त्याचा आधी हक्क' ही रीत पडली. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने ती 1855 मध्ये मानली, तर काँग्रेसने 1866 मध्ये. 1877 च्या वाळवंटी जमीन कायद्याने पाणी सरकारी जमिनीपासून वेगळं करून राज्यांच्या कायद्याखाली आणलं, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1935 मध्ये लावला. 1952 च्या मॅकॅरन दुरुस्तीनंतर तर संपूर्ण नदीचे हक्क ठरवायचे असतील तेव्हा केंद्रालाही राज्याच्या न्यायालयात उभं राहावं लागतं.

दुसरा प्रवाह 1908 च्या विंटर्स खटल्यातून निघतो. माँटानातल्या मिल्क नदीचं पाणी वरच्या अंगाच्या वसाहतवाल्यांनी अडवलं आणि फोर्ट बेल्कनॅपच्या आदिवासींची शेती सुकायला लागली. न्यायालयाने ठरवलं की 1888 मध्ये जमीन राखून ठेवली तेव्हाच तिला लागणारं पाणीही राखलं गेलं, मग ते कागदावर असो वा नसो. हेच तत्त्व 1963 मध्ये राष्ट्रीय वनं आणि अभयारण्यांनाही लागू झालं.

मधला एक दुवा मात्र सगळे विसरतात. एप्रिल 1926 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सरकारी जमिनीवरचे झरे आणि पाणवठे सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवले. मोजणी न झालेल्या मुलखात तर झऱ्याभोवतीची पाव मैल जागाही राखली. कोरड्या प्रदेशात एकुलता एक झरा ज्याच्या ताब्यात, त्याच्याच ताब्यात भोवतालची सगळी चराई जाते. हा हुकूम लिहिणाऱ्याला माळरान कळलं होतं.

आता माझा आवडता खटला. नेवाडात डेव्हिल्स होल नावाची चुनखडीतली एक कपार आहे, आणि तिच्या तळाशी कोमट पाण्याचा अरुंद डोह. त्यात इंचभरही लांबी नसलेला पपफिश राहतो, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा. पाण्याखाली लगेच खडकाची एक उथळ पायरी आहे. शेवाळ वाढतं ते तिच्यावर, आणि मासे अंडी घालतात तीही तिच्यावरच. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1952 मध्ये भोवतालची 40 एकर जागा राष्ट्रीय स्मारकात घेतली. 1968 मध्ये अडीच मैलांवरच्या कॅपर्ट रँचने विहिरींवर पंप बसवले. कपारीच्या भिंतीत मोजणीसाठी तांब्याचा वॉशर ठोकलेला होता. पाणी त्याच्या 1.2 फूट खाली असायचं, ते 1972 पर्यंत 3.93 फूट खाली गेलं आणि पायरी उघडी पडू लागली. उद्यान खात्याने हरकत घेतली, तरी स्टेट इंजिनिअरने परवाने दिले. अखेर 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. डोहाला लागेल तेवढं पाणी 1952 मध्येच राखलं गेलं आहे आणि जमिनीखालून उपसणाऱ्यालाही त्याला धक्का लावता येणार नाही, असं सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिलं. माशाला पाणी हवं आणि तेही नेमकं किती, हे न्यायालयाने वॉशरपासून मोजून ठरवलं! पाणीकायद्यातला याहून उंचीचा निकाल मला माहीत नाही.

दोनच वर्षांत उतरण लागली. 1978 च्या न्यू मेक्सिको खटल्यात मिंब्रेस नदीसाठी वन खात्याने वन्यजीव, निसर्गसौंदर्य आणि जनावरांचं पिणं ही कारणं दिली. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांच्या बहुमताने ती फेटाळली. वनं राखली ती फक्त लाकडासाठी आणि पाण्याचा प्रवाह टिकवण्यासाठी, बाकी हेतू दुय्यम, आणि त्यांच्यासाठी केंद्राने इतरांसारखा राज्याकडे अर्ज करावा. जंगल राखायचं आणि जंगलातल्या जनावरांचं पाणी राखायचं नाही, हा निकाल मला आजही मान्य नाही. आयडाहोत स्नेक नदीच्या खोऱ्यातली हक्कनिश्चिती 1987 ते 2014 चालली. दावे 1,58,000 हून अधिक. तिथे 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कुरणांवरच्या ओढ्यांचा हक्क रँचवाल्यांना दिला, कारण जनावरं त्यांची होती आणि सरकारने स्वतः पाणी वापरलं नव्हतं. जो वापरतो त्यालाच हक्क, या नियमात वापर न करता राखणाऱ्याला जागाच उरत नाही. आणि 2023 मध्ये नवाहो आदिवासींच्या राष्ट्राला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राखलेलं पाणी मिळवून देण्याची जबाबदारी केंद्रावर नाही. विंटर्सचं तत्त्व पुस्तकात शाबूत आहे, पण ते राबवायची इच्छा आटत चालली आहे.

आपल्याकडे कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने सप्टेंबर 1960 पर्यंतच्या वापरांना अग्रक्रम दिला, तेव्हापासून 'आधीचा वापर' हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी बसला. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाण्याचे हक्क ठरवायची भाषाही आणली. या विषयावर काम करणाऱ्या तरुण वकिलांना आणि अभियंत्यांना माझी विनंती आहे: अमेरिकेचा दाखला देणार असाल तर 1976 चा कॅपर्ट निकाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, आणि मगच झऱ्यांबद्दल बोला.