गुराबेची हुबेहूब प्रतिकृति

विजयदुर्गाच्या बंदरांत १७५६ च्या फेब्रुवारींत तुळाजी आंग्ऱ्याचें आरमार जळालें. समुद्रावरून इंग्रजांच्या तोफा चालत होत्या व जमिनीवर पेशव्यांची फौज त्यांच्याच बाजूनें उभी होती. ही गोष्ट मराठी माणसानें अभिमानानें सांगावी अशी खास नव्हे. त्या आगींत जीं जहाजें गेलीं, त्या घडणीचें एकहि आज पाहावयास उरलेलें नाहीं. रणगाड्याची प्रतिकृति करणाऱ्या हौशी माणसाला अहिल्यानगरच्या रणगाडा-संग्रहालयांत जाऊन मूळ वस्तु चहूं बाजूंनीं निरखितां येते. रत्नागिरीत बसून गुराब करूं पाहणाऱ्यास ती सोय नाहीं. लांकडाच्या आधीं त्याला पुरावा शोधावा लागतो.

सर्वांत उपयोगी वर्णन सांपडतें तें प्रतिपक्षाच्याच इतिहासकाराकडे. रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ सालच्या ग्रंथांत तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची व दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत असल्याचें दिलें आहे. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, पाण्यांत बुडणारा भाग थोडा, आणि पुढें उतरत्या रुंदीची लांब नाळ. समोरच्या लाटांत ही नाळ फार आपटे. म्हणून तिच्या तक्तपोशीला कठडे ठेवीत नसत, वर आलेलें पाणी आपोआप वाहून जाई. तिच्यामागील आडव्या भिंतींतील छिद्रांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा नाळेवरून थेट समोर मारा करीत. वारा पडला कीं गलबतें वल्हीं मारून गुराबेला ओढीत शत्रूच्या पिछाडीकडे नेत, तेव्हां या दोन तोफांचें खरें काम सुरू होई.

पुष्कळ प्रतिकृतींत नेमकी हीच नाळ चुकते. इंग्रजी युद्धनौकेचें चित्र समोर ठेवून उंच, बंद नाळ बसविली, कीं गुराब दिसावयास डौलदार होते, परंतु ती गुराब राहत नाहीं.

मापाचा प्रश्न गलबताच्या उदाहरणानें उलगडेल. ऑर्मच्या मतें त्याला चाळीस ते पन्नास वल्हीं असत. चाळीस धरलीं तर एका बाजूस वीस. एकामागें एक बसलेल्या वल्हेकऱ्यांत तीन फुटांचें अंतर हवेंच. नाहींतर एकाचे हात दुसऱ्याच्या पाठीला लागतील. म्हणजे केवळ वल्ह्यांची रांगच साठ फुटांची झाली. एकास पन्नास या प्रमाणांत ती साडेचौदा इंचांच्या किंचित् आंत येते, आणि साडेपांच फुटी खलाशी सव्वा इंचाहून थोडा अधिक उंच. असा कागदी खलाशी कापून प्रत्येक टप्प्याला जहाजावर उभा करून पाहावा. दार बुटकें झालें किंवा कठडा त्याच्या डोक्यावर गेला, तर चूक तत्काळ दिसते.

खरीं जहाजें सागाचीं. पण लहान मापांत सागाचा पोत भरड दिसतो, त्यापेक्षां शिवण बरी. शिडाला जाड कापड वापरूं नये, तें पत्र्यासारखें ताठ राहतें. जुन्या धोतराचा विरलेला तुकडा उत्तम. गलबताचें मोठें शीड त्रिकोणी, व त्याचें टोंक डोलकाठीच्याहि पुष्कळ वर जाई.

रंगाविषयीं ऑर्मच्या या वर्णनांतून कांहींच मिळत नाहीं. तेथें लांकडाला नुसतें तेल पाजून थांबावें.