फिनिक्समधलं अळू

फिनिक्समध्ये अळू वाळलं की लोक उन्हाला दोष देतात आणि नळ सोडतात. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं हे शहर. वर्षाचा पाऊस सरासरी १८ सेंटिमीटर, ऐन उन्हाळ्यात दुपारचा पारा चाळिशीच्या वरच. तेव्हा आळ उन्हावर जाणं साहजिक आहे. पण सकाळच्या उन्हाचं अळूला काही वाटत नाही. दहानंतर मात्र सावली हवी म्हणजे हवीच.

म्हणून जागा निवडली की अर्धं काम झालं. घराची पूर्वेची बाजू सगळ्यात चांगली: कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी घराचीच सावली पडते. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीपाशी काही लावू नये. ती रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. आडोसा नसेल तिथे पन्नास-साठ टक्के सावलीची शेडनेट ताणतात. मला मात्र मेस्किटची सावली आवडते. हे इथलं रानचं झाड, आपल्याकडे माजलेली वेडी बाभूळ याच्याच कुळातली. बारीक पानांतून गाळून येणारा उजेड अळूला पुरतो आणि हवाही खेळती राहते.

जमिनीचं दुखणं वेगळंच. खणायला घेतलं की वीतभर खाली पहार टणकन वाजते. चुन्याने दगडासारखा झालेला तो थर, इथले लोक त्याला कलीची म्हणतात. तो फोडला नाही तर पाणी तुंबतं. अळूला तर चिखलच लागतो, मग तुंबलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते क्षारांमुळे. नळाचं पाणी इथे जड. ते पानांतून, मातीतून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. साठत साठत गेले की पानांच्या कडा करपतात. ते पाहून माणूस रोज थोडं थोडं पाणी घालतो, म्हणजे रोज थोडे थोडे क्षारच घालतो.

मी अळू टबात लावते, तळाशी बूच असलेल्या. एरवी बूच घट्ट, चिखल कायम. दर काही आठवड्यांनी बूच काढून वरून पाणी सोडायचं, खालून भरपूर वाहून जाईपर्यंत. टब पांढरा असावा. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाच्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडतंय. ते मातीत असतं, पण चुनखडीच्या मातीत झाडाला उचलता येत नाही. आपल्याकडचे संत्र्याचे बागायतदार हे दुखणं ओळखतील. उपायही तोच, चिलेटेड लोह.

पाणी पहाटे द्यावं. दुपारी उन्हातल्या नळीतून पहिलं पाणी येतं ते हात भाजणारं. भर दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा माती चाचपून पाहावी. ओली असेल तर काही करू नये. मुळं जेवढं ओढतात त्याहून जास्त हवा पानांतून खेचते आहे, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी ती सावरतात. सकाळी उठूनही मलूल असतील, तर काळजी करावी. फवारणीचं वेड तर मला कळतच नाही: पाणी क्षणात उडतं आणि पानावर पांढरे डाग राहतात.

जुलैत दमट वारे आले, की तीच झाडं, तेवढंच पाणी, पण नवी सुरळी भराभर उलगडते. तोवर राखण करायची, वाढीची अपेक्षा धरायची नाही. हिवाळ्यात एखाद्या रात्री दहिवर गोठतं, पानं काळी पडतात. कांदे खाली जिवंत असतात.

२०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिलं. सवारो निवडुंगांच्या फांद्या गळाल्या, काही मुळासकट कोसळले. निवडुंग खोडावरची रंध्रं रात्री उघडतो, आणि रात्रीच तापलेल्या होत्या. वाळवंटाचा मूळ रहिवासी आडवा झाला आणि नेटखालचं अळू तगलं, यात अळूचं कर्तृत्व शून्य. त्याला नळ होता.

या शहराचं काही पाणी कोलोरॅडो नदीवरून कालव्याने येतं, आणि २०२१ मध्ये त्या नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. जुन्या वस्त्यांत अजून पाटपाणी मिळतं; अंगणाला बांध घालून कालव्याचं पाणी भरून घेतात, आणि तिथे केळीही माजतात. आमच्या नव्या वस्तीत ती सोय नाही. म्हणून केळ मी लावत नाही, हिरवळ तर नाहीच. अळूचे टब तेवढे ठेवलेत, आणि बूच काढल्यावर वाहणारं पाणी चर खणून मेस्किटच्या बुंध्याशी नेलंय. त्याला एवढे क्षार सोसतात.