आतल्या कानातली ‘कुसळं’

मिरवणुकीतल्या डीजेसमोर तासभर उभं राहिलं, की रात्री कानात शीळ वाजते. जळगाव-धुळ्यात हा अनुभव कुणाला नाही?

मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या शंखाला, म्हणजे ऐकण्याच्या शंखाकृती अवयवाला, इजा झाली, की तिथे आयकॅम-१ नावाचं चिकट प्रथिन वाढतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. त्यामुळे रक्तातून घरंगळणाऱ्या पांढऱ्या पेशी, बांधावरून चालताना धोतराला कुसळं चिकटावीत तशा, वाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि आत शिरतात. किती सुरेख यंत्रणा! जंतूंशी लढताना ती हवीच. पण त्यातून येणारी सूज लांबली तर नाजूक पेशीही भरडतात, आणि माणसाच्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्यावर पुन्हा उगवत नाहीत.

स्टेरॉइडं आयकॅमची निर्मितीच घटवतात. अचानक आलेल्या बहिरेपणातही स्टेरॉइडं देतात, आणि ती लवकर सुरू झालेली बरी. म्हणून एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.