सुरुवातीची डिझेल रेल्वे इंजिने

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. ते रुळांवर आणताना मोठी अडचण होती ती गाडी हलवण्याची. वाफेचे इंजिन थांबलेल्या अवस्थेतूनही पूर्ण जोर लावते. डिझेल इंजिन आधी फिरत असल्याखेरीज शक्ती देत नाही.

१९१२ साली स्वित्झर्लंडमध्ये चाचणी झालेल्या सुमारे १००० अश्वशक्तीच्या डिझेल–सुल्झर–क्लोजे इंजिनात सिलिंडरांची शक्ती दांड्यांमार्फत थेट चाकांना दिली होती. गाडी सुरू करण्यासाठी सिलिंडरांत दाबाखालची हवा सोडत आणि वेग आल्यावर इंधन देत. ही रचना नियमित वापरात टिकली नाही.

खरा तोडगा विजेने दिला. डिझेल इंजिन जनित्र फिरवते, त्याची वीज धुऱ्यांवरील, चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरींना मिळते. इंजिन व चाके यांचा थेट सांधा नसल्याने इंजिन आपल्या सोयीच्या वेगाने फिरते आणि मोटरी उभी गाडीही जोराने ओढतात. अमेरिकेत १९२५ साली ३०० अश्वशक्तीचे असे एक इंजिन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स यार्डात शंटिंगला लागले. शहरात धुरावर कायद्याने निर्बंध आल्यामुळे त्याची गरज होती. ते १९५७ पर्यंत सेवेत राहिले.

मुख्य मार्गांसाठी मात्र हलके, वेगवान इंजिन हवे होते. १९३० च्या दशकात दोन-स्ट्रोक विंटन इंजिनाने ती उणीव भरली. १९३४ मध्ये ६०० अश्वशक्तीची बर्लिंग्टन झेफिर ही प्रवासी गाडी डेन्व्हरहून शिकागोला न थांबता धावली. १९३९ च्या ‘एफटी’ इंजिनाने मालगाड्याही ओढून दाखवल्या. त्यानंतर सुमारे दोन दशकांत अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने हटली.