बचावपटू ते प्रशिक्षक : डेरिक परेरा

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात मैदानी खेळ म्हटला की आधी कबड्डीचे नाव निघते. टाळ्या चढाईपटूला मिळतात, पण सामना राखतात ते कोपरारक्षक आणि मध्यरक्षक, हे इथल्या जाणत्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. फुटबॉलमधला बचावपटूही याच जातकुळीचा. आयुष्यभर गोल अडवणाऱ्या अशाच एका गोमंतकीय बचावपटूने पुढे महाराष्ट्राच्या क्लबांना मोठे केले. त्याचे नाव डेरिक परेरा.

परेरा गोव्याच्या सालगावकर क्लबकडून आणि भारताकडून बचावफळीत खेळले. १९८८ आणि १९८९ मध्ये लागोपाठ फेडरेशन कप जिंकणाऱ्या सालगावकरचा तो बहराचा काळ होता. बचावपटूला सगळे मैदान समोर दिसते. प्रतिस्पर्धी कुठे पळणार, आपल्या रांगेत फट कुठे पडली, ऑफसाइडसाठी कोणत्या क्षणी पुढे सरकायचे, हे त्याला बोलून सहकाऱ्यांकडून करवून घ्यावे लागते. प्रशिक्षकाचे निम्मे काम इथेच शिकून होते. म्हणून परेरांची दुसरी कारकीर्द पहिलीचाच विस्तार वाटते.

या कारकिर्दीचे शिखर मुंबईत गाठले गेले. २००५–०६ च्या हंगामात परेरांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. हा मान मिळवणारा तो महाराष्ट्रातला पहिला क्लब. तोवर हे विजेतेपद बंगाल, गोवा आणि पंजाबच्या क्लबांकडेच गेले होते.

२००९ मध्ये ते पुणे एफसीकडे आले. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळे. परेरांच्या पहिल्याच हंगामात तो राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमध्ये तिसरा आला आणि २०१२–१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. पुढे परेरा सालगावकरला परतले. २०१४ च्या ड्युरंड करंडकाच्या अंतिम सामन्यात सालगावकरने १–० असे हरवले, तेही पुणे एफसीलाच. त्यानंतर ते पुन्हा पुण्यात आले, या वेळी डीएसके शिवाजियन्सचे प्रशिक्षक म्हणून. २०१७ पासून ते एफसी गोवाच्या प्रशिक्षकवर्गात होते. २०१९ मध्ये त्यांनी भारताच्या २३ वर्षांखालील संघाला मार्गदर्शन केले. डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक हुआन फेरांदो अचानक क्लब सोडून गेले, तेव्हा हंगामाच्या मध्यावर एफसी गोवाची धुरा परेरांकडेच आली. अडचणीच्या वेळी हाक मारावी असा हा माणूस.

पण या प्रवासाची दुसरी बाजू महाराष्ट्राने नीट पाहायला हवी. परेरांनी आपल्या राज्यात घडवलेल्या तीन क्लबांपैकी आज एकही उरलेला नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला, पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये थांबला आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये. मालक कंपनीने हात आखडता घेतला की संघ संपतो, कारण खाली शाळा, तालीम, गाव यांचा पाया नसतो. गोव्यात क्लब बंद पडले तरी फुटबॉल टिकला, कारण तिथे गावोगावी मैदान आहे आणि त्यावर रोज खेळणारी मुले आहेत.

तरीही केलेले काम वाया जात नाही. डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत घडलेल्या लालियानझुआला छांगतेने २०२३ च्या दक्षिण आशियाई (सॅफ) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध बरोबरीचा गोल केला आणि भारताने पेनल्टीवर विजेतेपद मिळवले. क्लब गेला, खेळाडू देशाला मिळाला.

जुन्नर आणि आंबेगावातल्या शाळांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. फुटबॉलला चेंडू, सपाट जागा आणि शिकवणारा माणूस एवढेच लागते. शिकवणाऱ्यासाठी प्रशिक्षक परवान्यांची पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था आहे : डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आपल्या तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांनी पहिली पायरी चढावी आणि संस्थाचालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. कंपन्यांचे क्लब येतील आणि जातील. तालुक्यात रुजलेला खेळ मात्र कोणालाही बंद करता येणार नाही.