वंशशोधाच्या वाटा – लेखांक सातवा : कप्तान स्टँडिशचे मृत्युपत्र

मागील लेखांकात जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांचा विचार झाला. परंतु ज्या पुरुषाच्या जन्माची नोंदच सापडत नाही आणि ज्याने स्वतःच्या कुळासंबंधी एकच वाक्य, तेही मृत्युपत्रात आणि तेही तक्रारीच्या स्वरात लिहून ठेवले, त्याचा वंश कसा शोधावा, हा प्रश्न आज घ्यावयाचा आहे.

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांत माइल्स स्टँडिश हा शिपाईपेशाचा गृहस्थ होता. नेदरलँड्समध्ये सैनिकी चाकरी केलेल्या या मनुष्याला १६२१ च्या फेब्रुवारीत प्लिमथ वसाहतीने आपला कप्तान नेमले; आणि शेती व कारागिरी करणाऱ्या वसाहतवाल्यांच्याच हाती बंदुका देऊन जी शिबंदी उभी राहिली, तिला कवायत त्याने शिकविली. १६२३ साली वेसागसेट येथे त्याने व त्याच्या माणसांनी पेक्सुओट आणि विटुवामाट या मॅसेच्युसेट जमातीच्या वीरांना ठार केले, आणि विटुवामाटचे शिर प्लिमथच्या गढीवर टांगले गेले. लेडनहून या मंडळींचे धर्मगुरू जॉन रॉबिन्सन यांनी पत्राने त्याबद्दल नापसंती कळविली होती. स्टँडिशचे नाव कुलभूषण म्हणून मिरविणाऱ्यांनी ही बाबही त्याच्या खाती मांडावी, एवढेच येथे म्हणतो.

त्याच्या मृत्युपत्रावर ७ मार्च १६५५ ही मिती आहे आणि तो वारला ३ ऑक्टोबर १६५६ रोजी. मधला काळ दीड वर्षाहून अधिक भासतो. परंतु त्याकाळी इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला लागत असल्यामुळे तो मार्च आपल्या गणनेने १६५६ चाच होय, आणि अंतर उरते सुमारे सात महिन्यांचे. या पत्रान्वये त्याने आपला पुत्र अलेक्झांडर यास ऑर्म्सकर्क, बर्सकॉ, राइटिंग्टन, मॉड्स्ली, न्यूबरो व क्रॉस्टन या लँकाशरमधील गावांतील, तसेच आयल ऑफ मॅन बेटावरील जमिनी दिल्या. म्हणजे काय दिले? त्या जमिनी आपल्याच हक्काच्या असून आपल्यापासून कपटाने रोखून धरल्या आहेत, आणि आपला पणजोबा ‘स्टँडिश येथील स्टँडिश’ या घराण्यातील धाकट्या पातीचा होता, असे तो म्हणतो. हाती नसलेल्या मिळकतीचे हे दान आहे. आपल्याकडील वतनाच्या तंट्यातले करीने ज्यांनी चाळले आहेत त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल, आणि दावा म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यांना सांगावे लागणार नाही.

वंशजांना मात्र ते सुचले नाही. १८४६ साली त्यांनी मंडळी जमवून, वर्गणी काढून ब्रॉम्ली नावाच्या एका प्रतिनिधीस इंग्लंडात धाडले. उद्देश वंशशोधाचा खरा, पण डोळा इस्टेटीवर. हा गृहस्थ चॉर्लीच्या चर्चमधील जुनी नोंदवही पाहावयास गेला, कारण स्टँडिश अमेरिकेत ज्या गावी राहिला त्याचे नाव डक्सबरी, आणि स्टँडिशांच्या दुसऱ्या एका शाखेचे डक्सबरी हॉल चॉर्लीजवळच होते. तेथे १५८४ च्या सुमाराच्या नोंदी अवाच्य आढळताच कोणी तरी पान मुद्दाम घासून पुसले असा बोभाटा झाला. पण पुसट पानावर काय होते हे कोणास ठाऊक? ते अमुकच होते असे आधी गृहीत धरून मग ते पुसले गेल्याची हाकाटी करणे हा तर्कशास्त्राचा उपहास होय. शिवाय मृत्युपत्रात घराणे सांगितले आहे ते स्टँडिश गावचे, डक्सबरीचे नव्हे. स्टँडिशच्या नावापुढे आजही छापले जाणारे १५८४ हे जन्मवर्ष म्हणूनच अंदाज समजून वाचावे.

या गुंत्यातून वाट काढली ती कॉपल येथील पाद्री टी. सी. पोर्टियस यांनी, १९१४ साली. त्यांनी माइल्स या नावाचा पाठपुरावा सोडला आणि मृत्युपत्रातील गावांची यादी घेऊन जमिनीच्या जुन्या दस्तऐवजांत प्रवेश केला. एकाच कुटुंबाकडे या सर्व गावांत जमिनी असणे ही विरळा गोष्ट. आणि तशा जमिनी त्यांना सोळाव्या शतकातील ऑर्म्सकर्कच्या स्टँडिशांकडे आढळल्या, ज्यांचे आप्त आयल ऑफ मॅनवरही नांदत होते. माणसांची नावे पिढ्यानपिढ्या तीच तीच येतात, पण जमीन जागची हलत नाही. तिच्या खरेदीखतांत, अदलाबदलींत आणि वारसाहक्काच्या कज्ज्यांत कुटुंब आपोआप उमटते. पोर्टियस यांच्या शोधाने पणजोबाचे कूळ बरेच निश्चित झाले. स्वतः माइल्सचा जन्म बेटावरचा की लँकाशरचा, हा वाद मात्र मिटला नाही: १९८४ साली जी. व्ही. सी. यंग यांनी त्याला पहिला मँक्स, म्हणजे आयल ऑफ मॅनचा, अमेरिकन ठरविले, तर लँकाशरच्या बाजूने १६६९ साली छापलेला नॅथॅनिएल मॉर्टनचा ग्रंथ साक्ष देतो. मॉर्टन त्याच वसाहतीचा चिटणीस होता, परंतु त्याच्या मजकुरात मृत्युपत्रातीलच तक्रारीचा प्रतिध्वनी इतका स्पष्ट आहे की त्यास स्वतंत्र साक्षी मानावयास मी तयार नाही.

पुढील लेखांकात प्लिमथ वसाहतीतील सोळा ते साठ वर्षांच्या शस्त्रक्षम पुरुषांची १६४३ ची यादी घेऊ. ज्यांनी मृत्युपत्रे मागे ठेवली नाहीत अशा सामान्य शिपायांचा माग त्याच यादीपासून काढावा लागतो.