तान्ह्या बाळाची कलती मान : सोनोग्राफी काय सांगते?

आपल्या शाळेच्या वसतिगृहात वाढलेले अनेक विद्यार्थी आज स्वतः आई-वडील झाले आहेत. त्यांना व सर्वच पालकांना उपयोगी पडावा, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

काही बाळांचे डोके पहिल्या एक-दोन महिन्यांतच सतत एका खांद्याकडे कललेले आणि हनुवटी विरुद्ध बाजूस वळलेली दिसते. ‘झोपेत मान अवघडली असेल, मोठेपणी सरळ होईल,’ अशी घरात समजूत घातली जाते. कोणी मोहरीची उशी बदलते, कोणी मालिशवाल्या बाईंकडून मान चोळून घेते. अशा समजुतीत जे महिने निघून जातात, तेच उपचारासाठी सर्वांत मोलाचे असतात.

कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणारा मानेचा स्नायू आखूड व ताठर झाल्यामुळे हे व्यंग उद्भवते. वैद्यकीय भाषेत यास ‘कंजेनिटल मस्क्युलर टॉर्टिकॉलिस’ म्हणतात. काही बाळांत दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास या स्नायूत कठीण गाठ हाताला लागते. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा काही महिन्यांत विरते. तथापि स्नायूचा ताठरपणा मागे राहू शकतो.

येथे सोनोग्राफी मार्गदर्शक ठरते. तिच्यात क्ष-किरण नसतात व बाळाला गुंगीही द्यावी लागत नाही. गाठ स्नायूतलीच आहे की लसिकाग्रंथी वा पाण्याची गाठ आहे, हे तीवरून कळते. दोन्ही बाजूंच्या स्नायूंची जाडी ताडून पाहता येते. तंतुमय भाग थोडक्यात असेल, तर व्यायामाने सुधारणा होण्याची आशा अधिक असते. तो स्नायूच्या संपूर्ण लांबीत पसरला असेल, तर उपचार लांबतात आणि शस्त्रक्रियेची शक्यता वाढते. मानेच्या मणक्यांत दोष असल्याची शंका आल्यास एक्स-रे काढतात. एमआरआय मात्र निवडक मुलांनाच लागतो. अशा बाळांत खुब्याचा सांधा सदोष असण्याची शक्यता इतरांहून अधिक असल्याने त्याचीही तपासणी करून घ्यावी.

केवळ चित्रावरून मात्र निर्णय होत नाही. मान दोन्हीकडे किती वळते, हे डॉक्टर प्रत्यक्ष पाहतात. फिजिओथेरपिस्टने शिकविलेले हलके ताण-व्यायाम, जागेपणी नजरेसमोर पोटावर झोपविणे आणि खेळणे ताठर बाजूस दाखवून मान वळविण्यास लावणे, हाच मुख्य उपचार होय. तो तीन महिन्यांच्या आत सुरू झाल्यास बहुतेक बाळे शस्त्रक्रियेविना बरी होतात. सुमारे वर्षभरानंतरही ताठरपणा टिकल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. गाठ जोराने चोळणे वा मान झटक्याने वळविणे सर्वथा टाळावे.

मान एकाएकी वाकडी झाली, सोबत ताप, उलट्या वा तोल जाणे असे काही असेल, तर ते निराळे दुखणे समजून तत्काळ डॉक्टर गाठावा.

उपचाराविना वाढलेल्या मुलाचा चेहरा व डोके एका बाजूने चपटे होऊ शकते. मग वर्गात मिळणारी टोपणनावे त्याला सोसावी लागतात. हे दुःख टळण्याजोगे आहे. आपल्या घरी वा शेजारी असे बाळ दिसल्यास ‘पुढे पाहू’ न म्हणता, याच आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास सांगावे.